देवरावांची बॅरिस्टर

देवराव नगराळे घाटंजीच्या कोर्टात शिपाई होते. तारखेला आलेल्या पक्षकारांची नावं वऱ्हांड्यात येऊन पुकारणं हे त्यांचं मुख्य काम. आवाज असा, की रस्त्यापलीकडे झाडाखाली बिडी ओढत बसलेला माणूसही बिडी टाकून धावत यायचा. एरवी मात्र देवराव हळू बोलत. घरी तर इतकं हळू, की तुळसाबाई म्हणत, "सगळा आवाज कोर्टात सांडून येतेत, आमच्यासाठी उरतच नाही."

त्यांची मुलगी ममता सहावीपासून आठवीपर्यंत माझ्या वर्गात होती. तुळसाबाई रोजानं शेतात निंदायला, कापूस वेचायला जायच्या, म्हणून घराला कुलूप असे. शाळा सुटली की ममता कोर्टाच्या वऱ्हांड्यात जाऊन बापाची वाट बघत बसायची. अभ्यास तिथंच. वर्गात तिची एक सवय होती. कुठलाही नियम सांगितला की हात वर करून विचारायची, "बाई, हे कोणी ठरवलं?" उद्धटपणा नव्हता त्यात, तिला खरंच जाणून घ्यायचं असे. एकदा मुलींनी मागच्याच नळावर पाणी प्यायचं असा नियम निघाला होता, तेव्हाही तिनं हेच विचारलं. कोणी ठरवलं ते कोणालाच सांगता येईना. आठवड्याभरात तो नियम आपोआप बंद पडला.

पुढे ती यवतमाळला लॉ कॉलेजात गेली. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. शेवटच्या वर्षी कॉलेजात पहिली आली. तेव्हा भगवानराव वकिलांनी देवरावांना बाररूममध्ये बोलावून घेतलं.

भगवानराव हे घाटंजीतले जुने, नाव असलेले वकील. घरची तूर-कपाशीची शेती, गोतावळा मोठा. माणूस वाईट नाही. कोणाच्याही मयतीला सगळ्यांच्या आधी पोचणार. ते म्हणाले, "देवराव, पोरीले पाठव आपल्या ऑफिसात. जुनियर म्हणून ठिवतो." देवरावांचा चेहरा उजळला. मग भगवानराव हसत हसत बाकीच्या वकिलांकडे वळून म्हणाले, "फाइली उचलाची सवय तं यायच्या घरातच हाय. शिकवा लागनार नाही."

सगळे हसले. देवरावही हसले. मला ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली, तेव्हा म्हणाले, "हसाच लागलं बाई. मी हसलो नसतो तं ते मजाक नसती राह्यली."

घरी जाऊन त्यांनी ममताला सांगितलं, "या कोर्टाची सनद तुले घ्याची नाही."

सनद म्हणजे वकिलीचा परवाना. राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, एक परीक्षा द्यायची, मग देशात कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं. तिच्या वर्गातल्या मुलांनी निकाल लागताच अर्ज केले. ममतानं केला नाही. तिनं सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. ती मिळाली आणि ती लंडनला एलएलएम करायला गेली. जाताना स्टँडवर तुळसाबाई रडत होत्या. देवराव कंडक्टरला सांगत होते, "लंडनची सवारी हाय, नीट न्या."

तिचं एलएलएम संपेपर्यंत करोना आला. ती तिथंच राहिली. म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात काम करून दिवस काढले. साथ ओसरायला लागली तेव्हा प्रश्न उभा राहिला की आता पुढे काय. शिक्षण झालं होतं, पण वकील म्हणून तिची नोंद जगात कुठेच नव्हती. ती कुठे करायची, हे ठरवायचं होतं.

एका रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर देवराव माझ्याकडे आले. "जयभीम बाई. पोरगी फोनवर काई समजावून सांगनार हाय. मले अर्धं समजन, अर्धं नाही. तुमी चाला."

मी गेले. तुळसाबाईंनी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. ममता वाळली होती, पण डोळे तेच.

"बाबा, एक तर मी परत येते आणि आपल्याकडची सनद घेते," ती म्हणाली.

"ते सोड."

"मग इथं सॉलिसिटर. परीक्षा द्यायच्या, दोन वर्षं ऑफिसात काम करायचं. काम जास्त करून करारांचं, कागदांचं. बाहेरून शिकून आलेले बहुतेक लोक तोच रस्ता धरतात. नाही तर माझी मैत्रीण सुरभी आहे ना, नागपूरची, ती कॅनडाला चालली. तिथं आपली डिग्री तपासतात, राहिलेले विषय द्यायला सांगतात, मग तिथल्या परीक्षा. मला म्हणते, तूही चल. तिथं वेळ लागतो, पण दार तरी दिसतं."

"आन अजून?"

"अजून म्हणजे बॅरिस्टर."

देवराव खुर्चीत सरळ झाले. आमच्याकडे बॅरिस्टर म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. तो माणूस त्या घरात भिंतीवर होता. देवरावांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन येताना आणलेली तसबीर. काच दोनदा बदलली होती, आतला कागद तोच.

"पण बाबा, नीट ऐका," ममता म्हणाली. "तो कोर्स केला की पदवी मिळते. काम करायचा परवाना नाही मिळत. त्याच्यासाठी एक वर्ष मोठ्या वकिलांच्या कचेरीत शिकाऊ म्हणून जागा मिळावी लागते. जागा थोड्या असतात. मागणारे ढीगभर. तिथल्याच पोरांना मिळत नाहीत."

"एकच वर्ष ना?"

"वर्ष एकच. जागा मिळाली तर."

"त्या जमान्यात जमलं, मंग आता काहून नाही जमनार?"

तुळसाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तिले इचारा ना तिले काय पाह्यजे. तुमीच काय निकाल देऊन राह्यले? शिपायाचे जज कधी झाले?"

देवरावांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी सांगा."

मी म्हटलं, "जिथं तिला काम करायला मिळेल, ते घ्यावं."

"कामच तं म्हनून राह्यलो मी. उभं राहून बोलाचं काम. सॉलिसिटर कोर्टात बोलते काय गं?"

"फारसा नाही," ममता म्हणाली.

"मंग झालं."

दुसऱ्या दिवशी ममतानं मला वेगळा फोन केला. "बाई, बाबांना दोष देऊ नका. सुरभीची वाट शहाणपणाची आहे, मला कळतंय. पण मलेबी तेच पाहिजे. आपल्या घरात बॅरिस्टर शब्द निघाला ना, की आई हातातलं काम टाकून बाहेर येते. सॉलिसिटर म्हटल्यावर आली का बाहेर?"

एवढं बोलून ती हसली. हसताना ती अगदी आठवीतली दिसली असेल, असं मला वाटलं.

कोर्ससाठी तिला तिथल्याच एका संस्थेची मदत मिळाली. तिनं तो पुरा केला, आणि एके दिवशी काळा झगा घालून, पांढऱ्या पट्ट्या लावून काढलेला तिचा फोटो घाटंजीत आला. बस्तीतल्या पोरांनी त्याचा फ्लेक्स केला. चौकात, भला मोठा. "घाटंजीची पहिली बॅरिस्टर ममता देवराव नगराळे." जयंतीच्या मिरवणुकीत देवरावांना गाडीवर बसवलं. ते तोवर निवृत्त झाले होते. भगवानरावांनी त्यांना हार घातला आणि माइकवर म्हणाले, "आता आमीच तुह्या पोरीचे जुनियर, देवराव!" टाळ्या पडल्या. देवराव गर्दीतून वाट काढत मी उभी होते तिथं आले. "आइकलं काय बाई, काय म्हनले ते? आइकलं ना?"

त्याच आठवड्यात ममताचा फोन आला. "बाई, तो फ्लेक्स काढायला सांगा ना. मी बॅरिस्टर झाले, पण वकील नाही झाले. शिकाऊ जागा मिळाल्याशिवाय मी इथं स्वतःला बॅरिस्टर म्हणवून कोणाला सल्लासुद्धा देऊ शकत नाही. नियम आहे."

मी देवरावांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तो तिथला नियम. चौक घाटंजीचा हाय."

शिक्षणानंतर तिथं राहायला दोन वर्षं मिळत होती. ती दोन वर्षं ममतानं अर्ज करण्यात घालवली. दिवसा एका कचेरीत टायपिंगचं काम, बाकी वेळ अर्ज. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच यायचं नाही. एकदा एका मोठ्या कचेरीनं मुलाखतीला बोलावलं. त्यांनी विचारलं, तुम्ही आयुष्यात पाहिलेलं पहिलं कोर्ट कोणतं? तिनं घाटंजीचा वऱ्हांडा सांगितला, बाप नाव पुकारायचा आणि उन्हातून माणसं कशी धावत यायची ते सांगितलं. समोरची माणसं भारावून गेली. एका बाईनं तर उठून हात हातात घेतला.

"मग?" मी विचारलं.

"गोष्ट त्यांना फार आवडली, बाई. जागा दुसऱ्याला दिली."

मुदत संपली आणि ती परत आली. तोपर्यंत सुरभी टोरांटोला कोर्टात उभी राहायला लागली होती. तिचा फोन आला की ममता अंगणात जाऊन बोलायची. आत येताना चेहरा पुसून यायची.

फ्लेक्स केव्हाच फाटला होता, पण नाव राहिलं होतं. तिचं ममता हे नाव लोक विसरूनच गेले. बॅरिस्टरबाई. किराण्याच्या दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे. आणि लोक कामं घेऊन यायला लागले. कोणाची वाटणी अडलेली, कोणाच्या मुलीला सासरच्यांनी हाकललेलं. ममता सगळं ऐकून घ्यायची, कायदा समजावून सांगायची आणि शेवटी म्हणायची, "पण कोर्टात मला उभं राहता येत नाही. माझ्याकडे इथली सनद नाही." हे कोणाला पटत नसे. घाटंजीतून यवतमाळला, यवतमाळहून लंडनला जाऊन आलेल्या बाईला घाटंजीच्या कोर्टात बोलता येत नाही? लोक माघारी जाताना म्हणायचे, "मोठी झाली आता. आपल्या केसा कायले घेईन?"

तिनं एकदा बापाजवळ विषय काढला. "बाबा, मी सनदेचा अर्ज करते."

"बॅरिस्टर माणूस तालुक्याच्या कोर्टात जुनियर म्हनून बसन?"

"बसावं लागेल. अनुभव शून्य आहे माझा."

"जरा थांब. तिकडून बोलावनं येईन अजून."

ती थांबली. बोलावणं येणार नव्हतं हे तिला माहीत होतं. पण बापाचा चेहरा बघून तिला पुढचं वाक्य बोलता येईना. अख्ख्या वर्गासमोर नियम कोणी ठरवला असं विचारणारी मुलगी घरात गप्प बसायला लागली. असं वर्ष गेलं असेल.

मग लालीबाई आली. तांड्यावरची विधवा. नवरा गेल्यावर दिरांनी तिच्या वाट्याच्या शेतात नांगर घातला होता. तिनं दावा लावला होता, वकील होता भगवानरावांचा मुलगा नयन. हुशार मुलगा, पण एकाच वेळी दहा ठिकाणी धावणारा. दिरांना शेतात शिरायला मनाई करावी, या अर्जाची सुनावणी जवळ आली होती. ममतानं सगळं प्रकरण वाचलं. दीर म्हणणार की ही शेत सोडून भावाकडे राहायला गेली. खरं असं होतं, की ती मुलीच्या बाळंतपणापुरती, दवाखाना जवळ म्हणून, थोडे दिवस तिकडे गेली होती, आणि त्याच हंगामाची सोयाबीन तिनंच काढून विकली होती. ममतानं नयनला भेटून हे सांगितलं. तो म्हणाला, "हो ना ताई, लक्षात हाय."

सुनावणीच्या दिवशी ममता मागच्या बाकावर जाऊन बसली. मीही गेले होते, लालीबाईला सोबत म्हणून. समोरच्या वकिलानं नेमका तोच मुद्दा काढला. बाई शेत सोडून गेली. न्यायाधीशबाईंनी नयनकडे पाहिलं. तो कागद चाळत राहिला आणि म्हणाला, "पुढची तारीख मिळावी." न्यायाधीशबाई म्हणाल्या, आधीच दोनदा दिली आहे.

ममता उभी राहिली. "साहेब, ती शेत सोडून गेली नव्हती. त्या हंगामाचं पीक..."

"आपण कोण?"

"ममता नगराळे."

"पक्षकार आहात?"

"नाही."

"वकील? सनद?"

"नाही."

"मग कोण?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बॅरिस्टर हाय ते." आणि हशा पिकला. नयनसुद्धा हसला, मग त्याला वाईट वाटलं, तेही त्याच्या तोंडावर दिसलं. न्यायाधीशबाईंनी हसणाऱ्यांना गप्प केलं. ममताला त्या म्हणाल्या, "बसा." आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

मनाईचा अर्ज फेटाळला गेला. बाहेर आल्यावर लालीबाई पायरीवर बसली. रडली नाही. ममताकडे बघून म्हणाली, "मंग लंडनले काय शिकली वं बेटी तू?"

ममतानं दुसऱ्याच दिवशी सनदेचा अर्ज केला. मधल्या वर्षांत काय केलं याचं प्रतिज्ञापत्र लिहून द्यावं लागलं. देवरावांना तिनं अर्ज पाठवल्यावर सांगितलं. मी तिथं होते, तिनंच बोलावलं होतं.

देवराव म्हणाले, "भगवानरावच्या बाजूच्या टेबलावर बसशीन?"

"नाही. महागावच्या कोर्टात बसते."

"महागाव काहून?"

"तिथं माझा फ्लेक्स लागला नव्हता. तिथं मी नुसती नवी वकील असेन."

"लोक इचारतीन तं काय सांगू? बॅरिस्टर होती, आता वकील झाली?"

"तेच खरं आहे, बाबा."

"मंग इतके वर्स कायले गेलती?"

तुळसाबाई म्हणाल्या, "तुमीच धाडलं आन तिलेच इचारता?" देवराव उठून बाहेर गेले. जाताना चप्पल घालायचं विसरले.

ते त्यानंतर तिच्याशी बोलले नाहीत. सनद आली, ती बॅग घेऊन महागावला गेली, त्या सकाळी ते विहारात जाऊन बसले होते. तुळसाबाई एकट्याच स्टँडवर गेल्या. आताही महिन्यातून एकदा त्या एसटीनं महागावला जातात. नवऱ्याला सांगतात, भावाकडे चालली. त्यांचा भाऊ महागावला नाही, हे देवरावांना ठाऊक आहे.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याच्या लग्नाला मी महागावला गेले होते. सकाळी वेळ होता, म्हणून कोर्टात डोकावले. ममता उभी होती. एका मजुराचं काम होतं, जामिनाचं. न्यायाधीश म्हणाले, "हं, बोला." ती बोलली. थोडंच, सरळ, घाई न करता. जामीन झाला. त्या माणसाच्या बायकोनं तिचे हात धरले आणि तिला "वकीलबाई" म्हटलं. खाली आल्यावर आम्ही चहा घेतला. खोली लहान आहे, कामं कमी आहेत, एका वयस्कर वकिलांच्या टेबलाच्या कडेला जागा मिळाली आहे, असं सांगत होती. कोट ढगळ होता, दुसऱ्या कोणाचा असावा.

"बाबा कसे आहेत?" तिनं विचारलं.

"बरे आहेत," मी म्हटलं.

"माझं विचारतात?"

मी तिच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी घाटंजीत देवराव भेटले. वांगी निवडत होते. तेवढ्यात कोर्टासमोर चहा विकणारे डोमाजी आले. गडी मोकळा, सगळ्यांची चौकशी करणारा. "काय देवराव, दिसत नाही आजकाल! बॅरिस्टरबाई काय म्हन्ते? इथंच हाय का गेली परत?"

"गेली ना," देवराव म्हणाले. हातातलं वांगं त्यांनी परत टोपलीत ठेवलं. "लंडनलेच हाय. थंडी लय हाय म्हने औंदा तिकडे."

"असनच. बर्फाचा मुलूख तो," डोमाजी म्हणाले.

मग देवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी महागावला लग्नाला गेले होते, हे त्यांना माहीत होतं. मी कोणाला भेटून आले असेन, हेही. त्यांची मान थोडी खाली झाली.

"हो," मी डोमाजींना म्हटलं, "तिकडे या दिवसांत फार थंडी असते."